रंगनाथ मास्तरांची चक्री

आठ-दहा मास्तर एकत्र बसले की चहा संपतो, किस्से संपत नाहीत. आमच्या परतूरच्या शाळेतले निम्मे किस्से एकट्या रंगनाथ मास्तरांचे! निजामाच्या राज्यात ते सायन्स शिकवायचे, मी इतिहास.

त्यांच्याकडं विजेचं एक यंत्र होतं. हँडल फिरवलं की काचेच्या तबकड्या फिरायच्या, वीज तयार व्हायची आणि तारेतून एका पितळी चक्रीत जायची. चक्रीच्या काड्यांची टोकं अणकुचीदार, सगळी एकाच बाजूला वाकवलेली. टोकांजवळची हवा वीज घेऊन मागं पळायची अन् चक्री पुढं!

"असंच यंत्र एक दिवस आभाळापार जाईल," मास्तर छातीठोक सांगायचे.

"तिथं तर हवाच न्हाई. मंग मागं फेकणार काय?" मी एकदा अडवलं.

"सोबत न्यायची! वाटूरला जाताना तुम्ही भाकर बांधून घेता का न्हाई?"



*

पावसाळ्यात दमट हवेनं यंत्र रुसायचं. मास्तर स्टाफरूमची शेगडी उचलून न्यायचे आणि काचा शेकत बसायचे. हेडमास्तर तणतणले, "अहो, आमचा चहा?"

"सर, चहा उद्या बी मिळंल. वीज आत्ता येऊन राह्यली!"

*

एका शेतकरी पालकानं चक्री निरखून पाहिली. "मास्तर, ह्याच्यानं मोट चालंल?"

"न्हाई."

"पिठाची गिरणी?"

"न्हाई."

"मंग हे करतं तरी काय?"

"थकत न्हाई!"

*

थंडीत तपासणीचे साहेब आले. सायन्सची खोली रिकामी करून तिथं कचेरीचं दफ्तर ठेवायचा हुकूमच घेऊन आले होते. मास्तरांचा जीव त्या खोलीत. मलाही फार वाईट वाटलं.

मास्तरांनी फिरवून दाखवलेली चक्री बघून साहेब हसले. "इतनी हलकी चीज तो फूँक से भी घूमेगी!"

"मंग वजन ठेवा की साहेब," मास्तर म्हणाले.

साहेबांनी डोक्यावरची लाल, गोंड्याची रुमी टोपी काढून चक्रीवर ठेवली. उघड्या डोक्याच्या साहेबाकडं बघणं म्हणजे बेअदबी, म्हणून आम्ही सगळे माना खाली घालून उभे!

मास्तर हँडल फिरवू लागले. टोपी हलेना. साहेबांनी आरामात चहा मागवला. अर्धा कप संपला तेव्हा कुठं टोपी किंचित सरकली. मग एक वेढा. मग दुसरा. कप रिकामा होईतो टोपी गरगर फिरत होती, काळा गोंडा आडवा!

"बस, बस!" साहेबांनी हात घातला. चट्! ठिणगी बसली. पुन्हा घातला, पुन्हा चट्! बाहेर सगळी शाळा सलामीला उभी, आणि साहेब उघड्या डोक्यानं आत अडकलेले.

"मास्तर, कमरा रखो! बिलकुल तुम्हारा! मेरी टोपी दो!"

हँडल न थांबवता मास्तर म्हणाले, "जरा दम धरा साहेब, आत्ता कुठं वेग धरून राह्यली!"