दादानं सांगितलेलं माप

माझा मोठा भाऊ लातुरात एका कोचिंग क्लासचा सर्व्हर सांभाळायचा. तासांचे व्हिडिओ ठेवलेला तो कपाटाएवढा डिस्कांचा संच त्यानंच उभा केला होता, आणि हे काम मला शिकवलं तेही त्यानंच. मग त्याला मेंदूज्वर झाला. जीव वाचला. माणसं ओळखायचा, पण काम पार पुसलं गेलं. नांदेडची नोकरी सोडून मी त्याच्या जागेवर आले.

तेव्हा हॉस्टेलवरची पोरं रोज तक्रार करायची की व्हिडिओ मधेच अडकतोय. दादा दवाखान्यात असताना बाहेरच्या कुणीतरी फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कांवर फायली ठेवायची मांडणी, नव्यानं बनवली होती. डेटा ज्या मापाचे तुकडे करून डिस्कांवर वाटला जातो, ते माप त्या फाइल सिस्टिमला सांगायचंच राहून गेलं होतं, म्हणून डिस्कांवर उगाच जादा ताण पडायचा. शिवाय कुणी व्हिडिओ नुसता उघडला तरी उघडल्याची वेळ डिस्कवर लिहिली जायची. ते लिहिणं बंद करणं सोपं होतं. मापासाठी मात्र सगळं दुसऱ्या मशीनवर उतरवून फाइल सिस्टिम पुन्हा बनवावी लागणार होती.

रविवारी क्लास बंद असतो. दादाला ओळखीच्या कामाजवळ बसवून बघा, असं डॉक्टर म्हणाले होते. वहिनींनी त्याला इस्त्रीचा शर्ट घालून दिला आणि मी त्याला स्कूटीवर मागं बसवून नेलं.

तो स्वतःच्या खुर्चीत पाहुण्यासारखा बसला. मशीनचा आवाज ऐकत राहिला. डेटा उतरवून झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दादा, तुकड्याचं माप किती ठेवलं होतंस रे?"

"चौसष्ट," तो लगेच म्हणाला.

त्याचा चेहरा उजळला. कितीतरी महिन्यांनी तो असा ठामपणे बोलला होता. मी डिस्कांच्या कंट्रोलरवर बघितलं. तिथं त्यानंच मुळात ठेवलेलं माप दोनशे छप्पन होतं.

तो माझ्याकडं बघत होता.

"हाव दादा," मी म्हणाले, "तेच हाय." आणि दोनशे छप्पन टाकलं. स्क्रीन त्याच्या समोरच होती. त्याला आकडा वाचता येत होता, पण त्यानं तिकडं बघितलंच नाही.

डेटा परत चढवल्यावर क्लासच्या लॅबमधल्या सगळ्या मशीनवर एकदम व्हिडिओ लावले. एकही अडकला नाही. दादा रांगेतून फिरून प्रत्येक स्क्रीन बघून आला.

घरी गेल्या गेल्या त्यानं वहिनींना सांगितलं की हिला माप ठाऊक नव्हतं, आपण सांगितलं तेव्हा कुठं काम झालं. वहिनी माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ताई, ह्यांना आठवून राहिलंय का?"

दादाला खोटं सांगणं जमलं होतं. वहिनींना ते सांगणं जमेना.

"न्हाई, वहिनी."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं, ताट वाढलं आणि बाहेर नेलं. दादानं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. "मग?" वहिनी विचारत होत्या. "मग पुढं काय झालं?"