साडेबावीस इंच

कपड्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे इंचभाऊ म्हणायचे. दारातून माणूस आत आला की त्याच्या खांद्याची रुंदी ते नुसत्या नजरेनं सांगायचे, आणि टेप लावून पाहिलं तर पाव इंचाचाही फरक निघायचा नाही. तीस वर्षं त्यांनी कापणी खात्यात काढली. एकावर एक रचलेले कापडाचे पन्नास-साठ थर, वरच्या थरावर खडूनं आखलेला नमुना आणि टेबलाच्या मधोमध वरून खाली धावणारं पट्टीचं पातं, एवढंच त्यांचं जग.

एका दुपारी उकाडा फार झाला म्हणून त्यांनी डाव्या हातातला लोखंडी जाळीचा मोजा काढून ठेवला. दोनच गठ्ठे उरले होते. दुसऱ्या गठ्ठ्याला कापड सरकलं आणि त्याच्यामागे हातही गेला. करंगळी आणि शेजारची अनामिका तुटली नाहीत, पण बोटं हलवणाऱ्या आतल्या दोऱ्या कापल्या गेल्या. डॉक्टरांनी त्या तीन तास बसून शिवल्या. शुद्धीवर आल्यावर इंचभाऊ म्हणाले, "जन्मभर मी कापलं आणि दुसऱ्यांनी शिवलं. इथंही तसंच झालं म्हणायचं." पण तोवर त्यांनी हाताकडे बघितलं नव्हतं.

भीती आली ती घरी आल्यावर. ते आणि त्यांची थोरली बहीण दोन खोल्यांत राहायचे. ताई एका वकिलाकडे टायपिंग करायची आणि जिभेनं मोठी तिखट होती. स्वयंपाकघरातला फ्रिज घुरघुरायला लागला की इंचभाऊ जेवताजेवता डावा हात पोटाशी ओढून घ्यायचे. शेजारी कुणी मिक्सर लावला की उठून बाहेरच्या खोलीत जायचे. ताईनं एकदा विचारलं, तर म्हणाले, "पाय अवघडला होता." पुढे ताई मिक्सर लावण्याआधी खोकायला लागली. 

बोटांचे व्यायाम करून घेणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. स्पंजचा चेंडू दाबा, रबर ताणा. इंचभाऊ बाई असेपर्यंत दाबायचे आणि बाई गेल्या की चेंडू उशीखाली. शेवटी बाईंनी विचारलं, "तुम्हाला हातानं करायला काय आवडायचं?"

"गिटार वाजवायचो थोडी. पूर्वी."

"मग वाजवा की! बोटं दाबायला आणि फाकवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही."

जुनी गिटार कधीच कुणाला तरी देऊन टाकली होती. शिवाय तिची मान एवढी रुंद की वाकलेली बोटं सहा तारांवरून पलीकडे पोचलीच नसती. पण ताईचे वकीलसाहेब सिगार ओढायचे, आणि त्यांचे रिकामे लाकडी डबे ताई घरी आणून त्यांत बटणं, दोरे ठेवायची. अशा डब्याला काठी जोडून तीन तारांची गिटार होते, हे इंचभाऊंनी कुठंतरी पाहिलं होतं. त्यांनी एक डबा रिकामा केला, बोटानं वाजवून पाहिला. बरा बोलला. ताईनं बटणं एका बरणीत ओतली. "उद्या माझ्या टाइपरायटरची पेटी करू नकोस म्हणजे झालं," ती म्हणाली.

काठी मिळाली, खुंट्या मिळाल्या. अडलं ते लांबीपाशी.

तार वरच्या टोकाला जिथं टेकते तिथून खाली डब्यावर तिला उचलून धरणाऱ्या घोडीपर्यंतचं अंतर किती ठेवायचं, हे आधीच ठरवावं लागतं. मानेवरचे सगळे पडदे, म्हणजे तार दाबायचे आडवे कंगोरे, त्याच मापानं बसतात. लांबी जास्त ठेवली तर तार ताठ राहते आणि आवाज भरदार येतो, पण पडदे एकमेकांपासून लांब जातात. कमी ठेवली तर पडदे जवळ येतात, पण तार ढिली पडते आणि झणझणते. एकदा काठीत पडद्यांच्या खाचा पाडल्या की मग फिरवाफिरव नाही.

वाद्यं दुरुस्त करणारा एक म्हातारा बाजारामागच्या गल्लीत बसायचा. इंचभाऊ त्याच्याकडे गेले.

"पंचवीस इंच घे," म्हातारा म्हणाला. "बहुतेक मोठ्या गिटारी त्याच्याच आसपास असतात. छान घुमते."

"आणि हाताला जड गेली तर?"

"हात दाखव."

इंचभाऊंनी हात खिशातून काढलाच नाही. "माझ्यासाठी नाही, एका ओळखीच्यासाठी विचारतोय."

"मग त्या ओळखीच्याला पाठव," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

घरी येऊन त्यांनी नमुने काढायचा तपकिरी कागद पसरला. लांबीच्या चार पट्ट्या काढल्या: पंचवीस, चोवीस, साडेबावीस, एकवीस. प्रत्येकीवर पडद्यांच्या रेघा मारल्या. मग पंचवीसवर हात ठेवला. पहिलं बोट पहिल्या पडद्यावर, करंगळी चौथ्यावर. त्या दोन पडद्यांत पावणेचार इंचांचं अंतर होतं. करंगळी अलीकडेच थांबली. त्यांनी उजव्या हातानं ती ओढली, तेव्हा कोपरापर्यंत कळ गेली आणि अंगाला दरदरून घाम फुटला. चोवीसवर तेच. साडेबावीसवर करंगळीचं टोक रेघेला जेमतेम लागलं. सव्वातीन इंच आणि एक सूत, म्हणजे वर इंचाचा आठवा भाग. अपघाताआधी त्यांचा हात किती फाकायचा, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी साडेबावीसची पट्टी झटकन उलटी घातली.

पुढे दहा दिवस काठी कोपऱ्यात उभी. महिनाअखेरीला कारखान्याचे डॉक्टर हात तपासणार होते. "पातं चालवायला लायक" किंवा "नाही," एवढंच ते लिहिणार. इंचभाऊंना दोन्ही उत्तरं नको होती. नाही म्हणाले तर तीस वर्षांचा कसबी माणूस झाडू मारणार. आणि हो म्हणाले तर? दुसऱ्याच दिवशी त्या पात्यासमोर उभं राहायचं. ते गुपचूप पंचवीसच्या पट्टीवर करंगळी ओढत राहिले. ती एक दिवस पोचेल, मग तपासणीतही कुणी काही म्हणणार नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. बोट सुजलं.

ताईनं सुजलेलं बोट पाहिलं, कागद पाहिले आणि समोर बसली.

"किती पोचतं?"

"पोचेल हळूहळू."

"आज किती पोचतं ते विचारतेय मी."

"साडेबावीस." ते खाली बघत म्हणाले. "पण तायडे, त्या मापानं केली म्हणजे मीच लिहून दिल्यासारखं होईल ना, की हात आता एवढाच."

ताईनं साडेबावीसची उलटी घातलेली पट्टी सुलटी केली. मग म्हणाली, "तुझ्याकडे एखादा जाडा माणूस आला आणि म्हणाला, मी पुढं बारीक होणार आहे, लहान सदरा काप, तर कापशील?"

"नाही."

"का?"

"सदरा आज घालायचा असतो."

"मग झालं तर."

सुटीच्या सकाळी त्यांनी काठीवर साडेबावीसची मापं उतरवली. आता खाचा पाडायच्या होत्या. हातकरवत बारीक दातांची, भाजीच्या सुरीपेक्षाही निरुपद्रवी. तरी ती त्यांनी दोनदा उचलून पुन्हा खाली ठेवली. काठी हलू नये म्हणून ताईनं दोन्ही हातांनी ती टेबलावर दाबून धरली.

करवत लाकडाला टेकली, आणि त्यांना पात्यापासून चार बोटांवर ताईचे हात दिसले.

"हात काढ!" ते एवढ्या जोरात ओरडले की शेजारचं दार उघडलं. "काढ म्हणतो ना!"

ताईनं हात मागे घेतले. "बरं. मग तू धर."

ते कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मग एका बाजूनं काठी शिकंज्यात पक्की आवळली, दुसऱ्या टोकावर आपला डावा हात ठेवला आणि करवत चालवली. पहिली खाच पडायला पाऊण तास लागला. दर चार ओढींनंतर ते थांबायचे आणि बोटं मोजायचे. त्या दिवशी तीनच खाचा झाल्या. ताई खुर्ची ओढून पाठमोरी बसली होती, कारण तिलाही बघवत नव्हतं.

बाकीचं काम आठवडाभर चाललं. तारा चढवताना त्यांनी ताईला दुसऱ्या खोलीत पाठवलं आणि स्वतः तोंड वळवून खुंटी पिळली. डबा करकरला, पण फुटला नाही. तारा मात्र ढिल्या होत्या, झणझणत होत्या. या वेळी ते म्हाताऱ्याकडे गिटार घेऊन गेले आणि हात खिशाबाहेर ठेवून उभे राहिले. म्हाताऱ्यानं आधी हात बघितला, मग गिटार. "लांबी बरोबर आहे. तारा जाड घे," एवढंच तो म्हणाला आणि स्वतःच बदलून दिल्या.

अनामिकेला स्पर्श कळत नव्हता. तार दाबली गेली का, हे नख पांढरं पडलं की त्यांना कळायचं. करंगळी चौथ्या पडद्याला काठोकाठ लागायची. पण लागायची, आणि त्यातून सूर निघायचा.

तपासणीच्या दिवशी कारखान्याच्या डॉक्टरांनी बोटं उघडून-मिटून पाहिली. "बरीच सुधारणा आहे. पकड येतेय. पात्यावर परत पाठवायला हरकत दिसत नाही," ते म्हणाले आणि पेन उघडलं.

इंचभाऊंना वाटलं, आता गप्प बसलो तर जन्मभर गप्प बसावं लागेल.

"साहेब, हात पात्यापर्यंत जाईल, पण मी नाही जाऊ शकणार," ते म्हणाले. "मला भीती वाटते."

पन्नाशीच्या माणसानं असं तोंडावर सांगितलेलं त्या डॉक्टरांनी बहुधा ऐकलं नसावं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मग दुसरं काय येतं तुम्हाला?"

इंचभाऊ आता नमुने आखायच्या टेबलावर बसतात. पगार थोडा कमी झाला. पात्यावर दुसरा माणूस आला आहे, आणि जाळीचा मोजा हातात दिसल्याशिवाय इंचभाऊ त्याला आखलेला गठ्ठा देत नाहीत. तो वैतागतो, मागून नकला करतो. करू दे. सकाळी यंत्र सुरू होताना पहिला कर्कश आवाज येतो, तेव्हा इंचभाऊ अजूनही जागचे उठून जिन्यात जातात आणि आवाज एकसारखा झाल्यावर परत येतात. त्यांना तिथं का उभे आहात म्हणून कुणी विचारलं, तर पाय अवघडला असं ते आता सांगत नाहीत.