दाजींची वैतागाची पाटी

१२ एप्रिल. तुरीच्या डाळीला एरंडेल लावून ती गच्चीवर वाळत घालायची होती. हाताशी माणूस एकच, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान, म्हणजे दाजी. त्यांच्याइतकं व्यवस्थित वैतागणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही.

मुखेडला जन्मभर इंग्रजी शिकवल्यामुळे मराठीत चिडणं त्यांना ढोबळ वाटायचं. स्वयंपाकघराच्या दाराशी एक पाटी टांगलेली असे. अक्काचं काही खटकलं की दाजी भांडत नसत, खडूनं पाटीवर वैतागाचा नेमका इंग्रजी शब्द लिहीत. चहा गार मिळाला तर 'इरिटेट'. तेच तीनदा सांगावं लागलं तर 'एक्झॅस्परेट'. मग कुणी विचारलेलं नसताना शब्दाचं मूळ सांगत. बाजाराच्या दिवशी अक्कानं चार वेळा पिशवी देऊन पिटाळलं, तेव्हा 'पेस्टर' लिहून म्हणाले, "जुन्या फ्रेंचातला हाय. घोड्याला पायबंद घालणं." भाकरी थापता थापता अक्का म्हणाली, "मंग घोडा उभा कामून हाय? कोथिंबीर राहिली की." एकदा मी एसटीनं हाडं खिळखिळी करून त्यांच्याकडे पोचले, तर दारातच म्हणाले, "'व्हेक्स' म्हणजे हेच बघ. लॅटिनात गदागदा हलवणं." मला पाणी हवं होतं.

अक्का गेल्यावर दाजींना मी लातूरला आणलं, पाटीसकट. दाराशी टांगली, खडू ठेवला. तीन महिने पाटी कोरीच. आमटी खारट झाली तरी गप्प जेवले. अर्धी भाकरी खाऊन उठायचे. ज्याला कशाचाच वैताग येत नाही तो माणूस फार दिवस टिकत नाही, हे मी सासऱ्यांच्या वेळी पाहिलं होतं. पाटीकडे बघून बघून मीच थकले होते.

म्हणून त्या दिवशी त्यांना डाळ राखायला बसवलं आणि दर दहा मिनिटांनी वर जाऊन विचारलं, "दाजी, चिमण्या आल्या का?"

सातव्यांदा म्हणाले, "चिमण्या न्हाई आल्या. तूच येऊन राहिलीस."

मागोमाग खाली आले आणि पाटीवर लिहिलं, 'इर्क'. हा शब्द मी अक्काच्या घरी कधी पाहिला नव्हता.

"याचं मूळ काय?"

"आता वैताग आणणं. आधी अर्थ नुसता थकणं एवढाच होता. थकवणाऱ्यावर नंतर ढकलला लोकांनी." खडू खाली ठेवला. "तीन महिने हाच लिहायचा होता. हात उचलवत न्हवता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटीखाली नवा खडू ठेवला आणि त्यांचा चहा गार होऊ दिला.