तबकडीची दुसरी बाजू

आमच्या गुंडूकाकाने आयुष्यात एकच लबाडी केली, आणि तीही त्याला धड जमली नाही.

कानडी मुलखातल्या शिवाजीनगरात आमचं शिंप्याचं दुकान होतं. थोरले म्हणून बोलायचा हक्क अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नरसिंगरावांचा. गिऱ्हाइकाशी तेच बोलत, कापड तेच निवडत, काकाची सोयरीकही त्यांनीच जुळवली आणि त्यांनीच मोडली. काकाच्या हाती तेवढी कात्री होती. दसऱ्याला तिची पूजा व्हायची आणि एरवी कापणाऱ्याशिवाय कुणी तिला हात लावायचा नाही. तेवढाच त्याचा मान.

१९६१ साली कूक टाउनच्या रोझारियो साहेबांना सूट हवा होता. गुडघ्यांमुळे त्यांना दुकानाची पायरी चढवत नव्हती, म्हणून काका माप घ्यायला घरी गेला. साहेबांनी रेडिओग्रामवर मोठी तबकडी लावली. ऑर्केस्ट्रा आणि एकटा ट्रम्पेटवाला. ट्रम्पेट म्हणजे काकाला लग्नातला बँड ठाऊक. त्यांचे लाल कोट आम्हीच शिवायचो आणि ते कान किटेस्तोवर वाजवायचे.

"पन्नास-साठ माणसं वाजवता वाजवता थांबली गं," काका मला पुढे सांगायचा, "आणि त्या एकट्याला बोलू दिलं. तो स्वल्पसुद्धा ओरडला नाही. सावकाश बोलला. त्याचं संपेपर्यंत कुणी मध्ये तोंड घातलं नाही."

आमच्या घरात त्याचं एक वाक्य कुणी पुरं होऊ दिलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

माप संपलं तेव्हा तबकडीची एकच बाजू झाली होती. "दुसरी याहून सुंदर आहे," साहेब म्हणाले. "पुढच्या वेळी."

सूट नीट बसला तर पुढची वेळ येणार कुठून? काकाने कंबर मुद्दाम इंचभर घट्ट केली. ट्रायलला गेला, तर साहेब आपले पुन्हा पहिल्यापासून लावून बसले, आणि दुसरी लावा म्हणायला याची जीभ रेटेना. मग बाही आखूड झाली. मग खांदा चुकला. शेवटी साहेबांची चिठ्ठी थेट अण्णांकडे आली: तुमच्या मास्तरचा हात बिघडलाय, दुसरा माणूस पाठवा.

"वीस वर्षांत तुझी सूतभर चूक नाही," अण्णा सगळ्या कारागिरांसमोर म्हणाले. "मुद्दाम केलंस काय रे?"

खरं सांगावं तर दुकानाच्या नावाला बट्टा. गिऱ्हाइकाचं कापड मुद्दाम बिघडवणारा शिंपी, आणि कशासाठी, तर एका पिपाणीसाठी!

"नाही अण्णा," काका म्हणाला. "नजर कमी झालीय."

"सरी, ठीक आहे." अण्णांनी कात्री स्वतःकडे घेतली आणि काकाला इस्त्रीवर बसवलं, कायमचं. तेलही गेलं, तूपही गेलं. अण्णा दुष्ट नव्हते; त्याच्या डोळ्यांत रोज आठवणीने गुलाबपाणी घालायला लावत. पण मला त्यांचा अजून राग येतो.

त्या शनिवारी साहेबांकडे अण्णा स्वतः गेले. दुपारी खुशीत परतले.

"कसलं ते पीं पीं लावतात रे! म्हणे, आज दुसरी बाजू लावतो, तुमच्या भावाची ऐकायची राहिली. मी म्हटलं, बंद करा साहेब, मापं चुकतात. अर्ध्यात थांबवली त्यांनी."

काकाने गरम इस्त्री बाजूला ठेवली.

"अर्ध्यापर्यंत कसं होतं, अण्णा?" त्याने विचारलं.

अण्णा तोवर दारातल्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागले होते.