सतराने भाग जाणारा आकडा

माझी मुलगी मुलुंडला क्लासमध्ये गणित शिकवते. तिच्या छातीतली गाठ काढली, केमो झाली, तेव्हापासून ठरावीक महिन्यांनी तपासणी असते. आत्तापर्यंतचे सगळे रिपोर्ट चांगले आले. यावेळचा रिपोर्ट मिळायच्या आदल्या संध्याकाळी मी मेथी निवडत होते आणि आठवडाभर म्हणत होते तेच पुन्हा म्हणत होते, की एवढे चांगले आले, म्हणजे हाही चांगलाच येणार.

तिने वर्तमानपत्र ओढलं आणि कडेच्या कोऱ्या जागेत आकडे लिहायला लागली. ३१, ३३१, ३३३१, असे एकाखाली एक, दरवेळी एक तीन जास्त. या सगळ्या मूळ संख्या, म्हणाली, एक आणि स्वतःला सोडून यांना कशानेच भाग जात नाही. तीन कोटींच्या वरच्या आकड्यापर्यंत ते तसंच चाललं. मग तिने आणखी एक तीन लावला. तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस.

"याला सतराने भाग जातो," ती म्हणाली. "आधीच्या एकालाही जात नव्हता. म्हणून याला जाणार नाही, असं नसतं ना आई."

तेहतीस कोटी म्हणजे देवांचा आकडा, त्याला कोण भाग घालणार, असं मी म्हटलं. ती हसली नाही. मी पेन घेतलं. शाळा चौथीपर्यंत, पण पाढे गावच्या गुरुजींनी पाठ करून घेतलेले. मला तिचं म्हणणं खोटं पडायला हवं होतं. शेवटी काहीतरी बाकी उरावी, बस्स.

तोंडाने पाढा म्हणत भागाकार सुरू केला. "सतरा साते एकोणिसासे" म्हटलं तशी ती मध्येच म्हणाली, "एकोणीसशे? वाट लागली गणिताची." मी सांगितलं, एकोणिसासे म्हणजे एकशे एकोणीस, आमच्या पाढ्यात असंच म्हणतात. तेवढ्यापुरती हसली.

शेवटी पंधरा उरले. "बघ, नाही जात भाग," मी म्हटलं. मला केवढं बरं वाटलं.

तिने वरपासून बघितलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. एकशे त्रेचाळीसातून छत्तिसासे गेले तर सात उरतात, मी आठ लिहिले होते. तिथून पुन्हा केलं. शेवटी एक्कावन्न आले, सतरा त्रिक एक्कावन्न, आणि काहीच उरलं नाही.

"मला भीती वाटते गं," ती म्हणाली. "तू सारखं चांगलंच येणार म्हणतेस, मग मी बोलू कुणाशी?"

"माका पण भीती वाटता गो," मी म्हटलं. इतक्या दिवसांत मी हे कुणालाच बोलले नव्हते.

मग ती बोलत राहिली. वाईट आला तर दहावीची बॅच कुणाकडे द्यायची, पुन्हा सुया टोचायला शीर सापडेल का. मी मेथी निवडत ऐकत होते. केस परत गेले तर यावेळी विग घेणार नाही, आत डोकं फार खाजतं, हेही तिने मला तेव्हाच सांगितलं.