सुकाणूचं करंट खातं

स्वप्ना मोंडकर जामसंड्यात काय करते, हे दोन वर्षं कोणालाच धड ठाऊक नव्हतं. भाई मोंडकरांचं चेडू, म्हणजे मुलगी, म्हणून सगळे ओळखायचे, पण धंदा विचारलात तर उत्तर ठरलेलं: “कायतरी कॉम्प्युटरार करता.” त्या ‘कायतरी’वर चार मुलींचे पगार निघत होते, हे मात्र कोणाच्या गावीही नव्हतं.

सुरुवात झाली देवबागला. तिथल्या एका होमस्टेचे मेसेज, बुकिंग आणि पाहुण्यांच्या तक्रारी स्वप्ना घरबसल्या सांभाळायची. हॉलंडची मारिके नावाची बाई तिथे उतरली होती. तिची स्वतःची तिकडे सात छोटी गेस्टहाउसं. खाडीत होडी उशिरा आली म्हणून तिने रागाने मेसेज टाकला, आणि चार मिनिटांत तिला असं उत्तर मिळालं की ती हसत सुटली. जाताना म्हणाली, माझ्या सातही घरांचं काम तू घे. स्वप्नाने घेतलं, भाईंच्या पडवीत चार टेबलं टाकली आणि एजन्सीचं नाव ठेवलं ‘सुकाणू सर्व्हिसेस’.

इथवर सगळं झकास. घोटाळा केला तो हॉलंडच्या पहिल्याच बिलाला, आणि तो आमच्या किनाऱ्यावरचं माणूसच करू जाणे. घरटी एक माणूस बोटीवर, त्यामुळे परदेशातला पैसा म्हणजे बोटीवरच्या माणसाच्या खात्यातला पैसा, अशी आमची पक्की समजूत. भाई तीस वर्षं बोटीवर बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम होते, आता भाऊ जितेंद्र बोटीवर आहे. जितेंद्राचं अनिवासी खातं होतंच. स्वप्नाने बेधडक त्याचाच नंबर हॉलंडला कळवला. शिकलीसवरलेली मुलगी, पण डोक्यात बसलेलं बसलेलंच!

नाव जुळत नाही म्हणून पैसे नवव्या दिवशी परत गेले. मागोमाग मारिकेच्या हिशेबनिसाची ईमेल आली. करार एजन्सीच्या नावाने, तर खातंही एजन्सीच्या नावाचं हवं. महिनाअखेरपर्यंत कळवा, नाहीतर वर्षाचं काम दुसऱ्या एजन्सीला देऊ. ह्या कामाच्या भरवशावर पडवीतल्या चौघींपैकी आकांक्षाने पुण्याची नोकरी सोडली होती. हातात होते एकोणीस दिवस.

भाई म्हणाले, “कित्या घाबारतंस गो? आपली बँक आसा ना!”

भाईंची बँक म्हणजे जिथे मॅनेजर त्यांना बघून उभा राहतो ती. तिथे केबिनमध्ये बसवलं, चहा आला, बोटींच्या गप्पा झाल्या. स्वप्नाने वहीचं पान काढून पाच प्रश्न विचारले. खातं एजन्सीच्या नावाने निघेल ना? युरोचे रुपये करताना बाजारभावापेक्षा किती कमी देता? मधली परदेशी बँक किती कापते? पैसे परदेशातून आल्याचा दाखला मिळतो का? सीए तो मागणार. आणि पैसे अडकले तर फोन कोणाला करायचा?

मॅनेजर भाईंकडे बघून म्हणाले, “होतं हो सगळं. तूर्त मुलीच्या नावाने सेव्हिंग काढू, पैसे आले की बघू.”

“आले की बघू म्हणूनच एकदा परत गेलेत,” स्वप्ना म्हणाली आणि उठली. भाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर म्हणाले, “तीस वर्सांची वळख माझी. तू पाच मिनटांत उठलंस.”

दुसऱ्या बँकेत काचेची केबिन होती, पण किमान शिल्लक एवढी सांगितली की स्वप्नाला आकडा दोनदा विचारावा लागला. तिसऱ्या बँकेची शाखा लहान, पंखा आवाज करणारा. तिथला ओंकार नावाचा अधिकारी पान वाचून म्हणाला, “मॅडम, पहिल्याचं उत्तर हो. बाकी चार मला माहीत नाहीत. हेड ऑफिसला विचारून आज चारच्या आत फोन करतो.”

चारला दहा कमी असताना फोन आला. स्वप्नाने तो स्पीकरवर टाकला. चारही उत्तरं मिळाली, मधल्या बँकेच्या कपातीची तर गोड न लागणारी, पण स्पष्ट. शेवटी ओंकार म्हणाला, “आमचा माणूस जागा बघायला येईल. बाहेर एजन्सीच्या नावाचा बोर्ड लागतो, त्याशिवाय फाइल पुढे जात नाही.”

खुर्चीत पाठ करून बसलेले भाई सगळं ऐकत होते. बोटीवर ज्याला पाण्याची खोली ठाऊक नसायची आणि तरी जो ‘चला पुढे’ म्हणायचा, त्याच्या नावाने त्यांनी जन्मभर बोटं मोडली होती. ते हळूच म्हणाले, “ह्यो बरो. ठावक नाय ता नाय म्हणालो.” आणि परसात गेले.

बोर्ड करणाऱ्याला फोन लावायला स्वप्ना बाहेर आली, तर भाई फणसाच्या फळीला पॉलिश पेपर मारत होते. बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नावं रंगवणं हे बोसनचं काम, आणि भाईंचा त्यात हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी खडू लावलेला दोरा ताणून ओळ मारली, चष्मा पुसला आणि होडीच्या पांढऱ्या रंगाने दोन दिवस खपून अक्षरं काढली: सुकाणू सर्व्हिसेस. खाली, कोणी सांगितलं नसताना: मालक, स्वप्ना परशुराम मोंडकर. स्वप्नाने ते वाचलं आणि बोर्ड करणाऱ्याचा नंबर फोनमधून पुसून टाकला.

बँकेचा माणूस आला, त्याने बोर्डाचा फोटो काढला. एजन्सीचं करंट खातं निघालं तेव्हा मुदतीचे चार दिवस उरले होते. हॉलंडचे पैसे पुढच्या आठवड्यात जमा झाले आणि करारही पक्का झाला. दाखल्यावर शिक्का घ्यायला स्वप्ना निघाली, तेव्हा भाई न बोलावता इस्त्रीचा शर्ट घालून सोबत आले.

ओंकारने स्वप्नाला खुर्ची दिली. भाई मागे उभे राहिले. दारावरचा सत्यवान शिपाई त्यांच्या ओळखीचा. तो लगबगीने पुढे आला. “भाई, तुमी उबे? काय काम काढल्यात आज?”

“माझा काय काम नाय रे,” भाई म्हणाले, सगळ्या शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात. “मी म्याडमांबरोबर इलंय.”