सुपारी फोडायच्या आधी

"खायला घालता येत नाही, तर पोरं काढता कशाला गं?"

डाक्टर सगळ्यांम्होरं बोलला. बाकावरच्या बाया माझ्याकडं बघाय लागल्या. मांडीवर माझं पोरगं. पांढरंफटक. पोट तेवढं पुढं आल्यालं.

"कुठली तू?"

मी वस्तीचं नाव सांगितलं.

"वाटलंच," म्हणला.

ते पोरगं गेलं. थोरलाबी असाच पांढरा पडून गेल्ता. मी डाक्टरचं खरं धरलं. माझ्याच हाताला यश न्हाय. सवता उपाशी ऱ्हाऊन पोरांच्या तोंडात घास घातला, तरी मीच कमी पडलो. सासूबी तेच म्हणायची. सासू म्हंजे माझी सख्खी मामी. मला मामाच्याच घरात दिल्याली. आमच्याकडं तसंच. पोरीवर पैला हक्क मामाच्या घराचा.

मधली लेक तेवढी जगली. सुमन. ती लग्नाला आली तसा माझा भाऊ आजऱ्यास्नं आला. "आक्का, पोरगी दुसरीकडं दिलीस तर तोंड बघणार न्हाय." दिली त्याच्या पोराला. न्हाय कोण म्हणणार?

तवा मी शिवाजी पेठेत एका शिक्षिका बाईंच्या घरात भांडी घासत होतो. त्यांच्या सुनंला अजून दिवसबी गेलं नव्हतं, तरी तिचं रक्त तपासलं, गोळ्या चालू केल्या. तिच्या नवऱ्याचंबी रक्त बघिटलं. मी इचारलं, "आजारी हाय व्हय?"

"नाही हो मावशी. मूल व्हायच्या आधीच बघून घ्यायचं. घरात एखादं मूल दगावलेलं असलं, नात्यात लग्न असलं, तर सगळं डॉक्टरांना आधी सांगायचं."

हातातलं पातेलं तसंच राह्यलं.

"बाई, माझी दोन गेल्यात. लगीन मामाच्या घरात. सुमनचंबी तसंच केलंय. तिला तुमच्या डाक्टरकडं न्हेऊ का?"

बाई हसल्या.

"तुमच्यात कुठं एवढं बघतात मावशी? तुमची पोरं देवाच्या भरवशावर. आणि तिथं सगळी चांगल्या घरची माणसं येतात हो."

"देव आमी कवाच सोडलाय बाई," म्हणलं. पातेलं खाली ठिवलं. हात धुतलं. परत त्या दारात गेलो न्हाय.

सुमनला आन् जावयाला सरकारी दवाखान्यात न्हेलं. रांगंत हुबी राह्यलो. दोघांचं रक्त घेतलं. फुडं बोलावलं तवा तिथल्या पोरसवदा डाक्टरीणबाईनं समजावून सांगितलं. दोघांच्याबी रक्तात एकच दोष हाय. ह्यास्नी त्याचा तरास न्हाय. पर दोघांकडनंबी तो पोरात उतरला, तर पोराचं रक्त टिकत न्हाय. पांढरं पडतंय. पोट फुगतंय.

"म्हंजे माझी खायला कमी पडलं म्हणून गेली न्हाईत?"

"नाही मावशी. तुम्ही तूपरोटी घातली असती तरी गेली असती."

मी तिथंच भिंतीला टेकलो. रडू आलं न्हाय. राग आला. त्या डाक्टरला एकदा इचारायला काय झाल्तं, नवरा नात्यातला हाय का म्हणून? त्यानं वस्ती इचारली.

भाऊ घरात येऊन वरडला, "माझ्या पोराच्या रक्तात खोट काढतीस व्हय?"

"तुझ्याबी हाय, माझ्याबी हाय. एकाच आईची हाय की आपुन."

उठून गेला. भाऊबीज तवापास्नं बंद.

सुमननं अजून मूल हुऊ दिलं न्हाय. डाक्टरीणबाईनं सांगितलंय, दिवस गेलंच तर पोर पोटात असतानाच तपासाय पुण्याला जावं लागंल. जायची तयारी हुईस्तवर न्हाय, सुमन म्हणती. आजऱ्यात तिला वांझ म्हणत्यात. ती ऐकून घेती. मी न्हाय ऐकून घेत.

आता वस्तीत कुणाची पोरगी मामाच्या घरात द्यायची ठरली, की मी बैठकीत जाऊन हुबी ऱ्हातो. बोलावणं नसलं तरी. "आली बघा अवदसा," म्हणत्यात. म्हणू देत. ह्या हातांनी दोन लेकरं मातीत दिल्यात. दोघांचं रक्त बघिटल्याबिगर सुपारी फोडू देणार न्हाय.